चाळिसावी जोडणी

४ ऑक्टोबर
पोचलो बुवा एकदाचे! नारीन शहराहून सहा तास जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली, पण गाव बघून शीण गेला. मी आणि माझी सात वर्षांची आयजार्किन. शेजारच्या बुरमा आपांनी आल्याआल्या गरम बोरसोक, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, तळून आणले, पोरीचा गालगुच्चा घेतला. शाळेमागच्या खोलीत मी सांभाळायचं यंत्र. अख्ख्या गावाचं इंटरनेट या एका डबड्यातून जातं आणि त्याला चाळीसच फोन झेपतात. चाळिसावी जागा पोरीच्या फोनला दिली. तिची आई मॉस्कोत कामाला. तिच्याशी बोलल्याशिवाय पोरगी घास गिळत नाही. मला काय, मी यंत्राला थेट वायरनं जोडलेला, जागा लागत नाही.

७ ऑक्टोबर
गावप्रमुख तोकोन यांचा फोन अडकला. जोडलेला दिसतो, पण मॉस्कोतल्या लेकाचं तोंड पडद्यावर थिजलेलं. कारण सोपं निघालं: काही फोन नुसतेच जागा अडवून बसतात आणि बाकीचे ताटकळतात. मेंढपाळ साबिरची रिकामी जोडणी पुसली, तसा लेक घडाघडा बोलायला लागला. तोकोननी पाठ थोपटली. माझ्याआधी यंत्र बघणाऱ्या माणसाला हे करवत नव्हतं म्हणे. काय कामाचा मग तो!

८ ऑक्टोबर
साबिर गेला. काल दुपारी, चहाचा पेला ओठाला लावतानाच. अंगणात मयताचा तंबू उभारलाय, बायका आक्रोश करतायत. चांगला धडधाकट होता हो.

११ ऑक्टोबर
सकाळी दोन जोडण्या पुसल्या. दुपारी दोन तंबू. त्याच दोन घरांत.
आपांकडे धावलो, तर त्या हसल्या. अरे लेकरा, आम्हाला काय ठाऊक नाही होय, म्हणाल्या. आधीचा माणूस पुसायला नाही म्हणू लागला, तेव्हा तोकोननी त्याचीच पुसली. मग त्यांनी माझ्या हातात साय भरलेली वाटी ठेवली. खाली चिठ्ठी होती. त्यांच्याच जावेचं नाव.

१४ ऑक्टोबर
तीन दिवस काही पुसलं नाही. सगळ्या गावाचे फोन अडकलेत. रोज दारात लोणी, मांस, चिठ्ठ्या. सासऱ्याचं नाव. सख्ख्या भावाचं नाव. जीप मागवली, येत नाही म्हणे.
तोकोन आज शेजाऱ्यांना घेऊन आले, गोड बोलून गेले. गावची माणसं जुनी, हक्काची. उपरी एकच, चाळिसावी. तीच पुसून टाक, आम्हाला काय तुझ्याशी वैर आहे का, म्हणाले. सर्वात आधी मान डोलावली ती बुरमा आपांनी.

१५ ऑक्टोबर
दार आतून लावलंय. पोरगी मागे बाकावर आईला गाणं म्हणून दाखवतेय. बाहेर सगळा गाव. आपा शिव्या घालतायत, पोरीला मोठं करून काय दिवे लावणार आहेस म्हणून.
तोकोन शाळेच्या कॉम्प्युटरवरून यंत्रात शिरलेत. यादी सरकतेय. अडतीसवर आलेत— एकोणचाळीस—
विजेची वायर उपटली. डबडं बंद. आता पुसा म्हणावं!

दारावरचे धक्के थांबले. आपांच्या शिव्याही. हलकटांनो, बोला ना.

बंद केलं की यंत्र सगळंच विसरतं. पहिलीपासून चाळिसावीपर्यंत. मी— इंजिनिअर असून मी—

गाणं थांबलंय. लाइन गेली ना, म्हणून गप्प असेल. रुसली असेल. मागे वळवत नाही. हाक मारतो. ओ देईल. आयजार—