सेंट मेरीजचा शिक्का

ब्रॅम्पटन,
शुक्रवार, २० जून २०२५

प्रिय हेझलदीदी,

हे पत्र मार्चमध्ये लिहायचं होतं. तेव्हा ड्राइव्हवेच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग होते. आता लॉनवर डँडेलायन उगवले, पिवळे झाले, म्हातारे झाले आणि उडूनसुद्धा गेले. एवढे दिवस काय करत होतास असं विचारशील तर सांगण्यासारखं काही नाही. पेन शोधत होतो असं समज.

मी एल्टन. वसईच्या सबिनाआत्याचा धाकटा. तुला आठवत असेन तर चड्डीतला, गुडघे फुटलेला, तुझ्या बॅगेतली चॉकलेटं न विचारता खाणारा. तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून पत्र. पत्ता मामाने, म्हणजे तुझ्या डॅडींनी, सांगितला. इथल्या केंब्रिजचा तुझा पत्ता त्याला पोस्टल कोडसकट पाठ आहे. पाठवत काही नाही, पण पाठ आहे.

तुम्ही सगळे बरे असाल. उन्मेष जिजूंना माझा नमस्कार. त्यांच्या कार प्लँटमध्ये अजून नाइट शिफ्ट असते का? मी इथे वेअरहाऊसमध्ये आहे, खोके सरकवतो. त्याआधी रेजिना शहरात होतो. कॉलेज एक सेमिस्टर केलं, मग वर्गाच्या खिडकीतून एवढं मोठं आकाश दिसायचं की हिशेबात लक्षच लागेना. मग कुंपणं रंगवली, मधमाश्यांच्या पेट्या उचलल्या, एका माणसाबरोबर त्याच्या ट्रकमधून नुसताच फिरलो. कामाच्या परमिटचं काय, हे मामा रोज विचारतो. तू नको विचारू.

आधी मुद्द्याचं लिहितो, नाहीतर भलतीकडे जाईन. मामा तीन जुलैला वसईला चाललाय. कायमचा. घर विकायला काढलंय, दारात पाटी आहे. जायच्या आधी तुला एकदा भेटावं असं त्याला वाटतं. वाटतं म्हणजे तो तसं म्हणत नाही. पण फोन वाजला की सोफ्यावरून उठायला बघतो, गुडघे धरतो, आणि तोवर मी उचललेला असतो.

मी ऑक्टोबरमध्ये दोन दिवसांसाठी आलो आणि राहिलो. तुझ्या खोलीत. जांभळ्या भिंती अजून तशाच आहेत. मी फक्त पडदा काढलाय, कारण सकाळचं ऊन सरळ उशीवर येतं आणि त्यात अर्धवट जागं पडून राहायला मला फार आवडतं. त्या वेळी खालून बेसमेंटमधून मामाचा रेडिओ ऐकू येतो. आदल्या दिवशीच्या मॅचचं काहीतरी चाललेलं असतं. शब्द कळत नाहीत, नुसती गुणगुण. आपण कुठल्या देशात आहोत ते थोडा वेळ आठवतच नाही.

मामाने जमवलेली ती टपालाची पाकिटं तू लहानपणापासून बघितलीस. मला मामाने पहिल्यांदा दाखवली ती नोव्हेंबरात. डावीकडे बेसबॉलच्या खेळाडूचं चित्र, कोणाची शेवटची मॅच, कोणाचा विक्रम, कुठल्या मैदानाची शंभरी. उजवीकडे पोस्टाचं तिकीट. आणि तिकिटावर गोल शिक्का, त्याच गावचा, त्याच दिवशीचा. एक दिवस चुकला तर सगळं चित्र वाया, असं तो म्हणाला. मी एक पाकीट हलवून बघितलं.

"मामा, आत काय आहे?"

"पुठ्ठा."

"आणि पत्र?"

"पत्र कशाला? शिक्का नीट उठावा म्हणून पुठ्ठा घालतात."

"मग हे पाठवायचं कोणाला?"

"अरे बाबा, पाठवायचं नसतं. त्या दिवशी आपण तिथे होतो, एवढंच."

मला हे खूप आवडलं. जगभर कुठून कुठून आलेली पाकिटं, आणि कोणाला काही सांगायचं नाही. त्यातलं एक सत्त्याहत्तर सालचं आहे, टोरंटोच्या टीमच्या पहिल्यावहिल्या मॅचचं. एप्रिल महिना आणि मैदानावर बर्फ! मामा तेव्हा इथे नव्हता, ते त्याने नंतर चर्चच्या सेलमध्ये घेतलं. रविवारी मी कार्पेटवर आडवा होतो, ते पाकीट छातीवर ठेवतो. डोळे मिटले की पांढऱ्या मैदानावर पांढऱ्या कपड्यातली माणसं धावताना दिसतात. पांढरा बॉल वर जातो आणि खाली येतच नाही. मामा ओरडतो, "घाम लागेल त्याला! उठ!"

बेसबॉल मला अजूनही धड कळत नाही. पण त्याला तो का आवडला ते कळलं. म्हणतो, "फॅक्टरीत सगळं घड्याळावर. बेल वाजली की जेवा, बेल वाजली की मुता. आणि रेडिओवर हा खेळ, घड्याळच नाही. संपेल तेव्हा संपेल." आता तिथेही बॉल टाकणाऱ्या पिचरसाठी घड्याळ लावलंय. मामा म्हणतो, माझ्यासारख्यांमुळेच लावलं असणार.

हे तो हसून म्हणाला. पण त्या दिवशीच त्याने मला तुझ्या लग्नाचं सांगितलं.

दीदी, आम्ही वसईला काय ऐकलं होतं माहीत आहे? लुईसने मुलीच्या लग्नाकडे पाठ फिरवली, कारण जावई हिंदू. काही लोकांनी कौतुकही केलं. बाप असावा तर असा. मी तेव्हा शाळेत होतो, मलाही वाटलं, मामा कडक माणूस आहे. मग इथे आलो तर हा कडक माणूस शेजारच्या गुज्जू आजीच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ स्वतः शोव्हल करतो आणि तिने दिलेले ढोकळे चर्चच्या पायरीवर बसून खातो. मला काही जुळेना.

ते खरं नव्हतं. तुझ्या लग्नाच्या दिवशी सेंट मेरीज गावात बेसबॉलच्या नव्या मानकऱ्यांचा सोहळा होता. दर जूनमध्ये असतो, तिथल्या बेसबॉलच्या म्युझियमपाशी. तुला तिथे लहानपणी नेऊन नेऊन कंटाळा आणला होता म्हणे. मामाने पाकिटं आधीच करून ठेवली होती. पहाटे निघायचं, तिथलं पोस्टाचं काउंटर उघडल्या उघडल्या शिक्का मारून घ्यायचा, अकराच्या आत परत. सूट गाडीत मागे हँगरला लावलेला. शिक्का मिळालासुद्धा वेळेवर.

पुढचं त्याच्याच शब्दांत लिहितो.

"बाहेर आलो तर असं ऊन होतं, एल्टन. गवत नुकतं कापलेलं. पोरं कॅच खेळत होती. म्हटलं शाई वाळेस्तोवर बसू. झाडाखाली बसलो. तुझी मामी गेल्यापासून मी कुठे असा बसलोच नव्हतो रे. हॉल बघ, केटरर बघ, फादरना भेट. पाठ टेकली. डोळे उघडले तेव्हा सावली पार पलीकडे गेलेली. सोहळा चालू झाला होता. लोक टाळ्या वाजवत होते."

गॅस स्टेशनच्या वॉशरूममध्ये त्याने सूट घातला. चर्चला पोचला तेव्हा पार्किंग रिकामं होतं. पायऱ्यांवर पाकळ्या पडलेल्या. तू त्या पायऱ्यांवर तासभर त्याची वाट बघितलीस आणि मग एकटीच आत चालत गेलीस, हे त्याला झाडू मारणाऱ्याने सांगितलं. तेवढ्यात आपल्या पॅरिशमधला एक मोठा माणूस कोट विसरला म्हणून परत आला. त्याने मामाच्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस, लुईस. बापाने ठाम राहावं."

आणि मामाने मान डोलावली.

मी विचारलं, का? तर म्हणाला, "पाकिटावर शिक्का मारायला गेलो होतो, असं सांगू? मुलीच्या लग्नाच्या दिवशी? त्यापेक्षा ते बरं वाटलं. निदान त्यात काही मान होता."

मग तू फोन केलास. "उन्मेषमुळेच ना, डॅडी?" असं विचारलंस. तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याला आता सहा वर्षं झाली. केंब्रिज इथून तासाभरावर आहे.

त्या दिवशीचं पाकीट आल्बममध्ये नाही. कुठे आहे विचारलं तर चहा ठेवायला उठला.

शिफ्टची वेळ झाली. उरलेलं परवा.

रविवार, २२ जून

चर्चमध्ये मिस्सा झाली, जेवलो. मामा खाली बेसमेंटमध्ये आल्बम खोक्यांत भरतोय. वसईच्या दमट हवेत ही पाकिटं टिकणार नाहीत, हे त्यालाही माहीत आहे. तरी भरतोय. मी किचनच्या टेबलाशी बसलोय. बाहेर दोन खारी कुंपणावर एकमेकींच्या मागे लागल्यात. एक काळी आहे, एक राखाडी. मी त्यांच्याकडे बघत बसलो तर हे पत्र ऑगस्टपर्यंत जाईल, म्हणून खुर्ची फिरवून घेतली.

परवाचं वाचून बघितलं. सगळं मामाबद्दल लिहिलंय. माझ्याबद्दल लिहायचं टाळलंय, तेही मस्त सफाईने.

मार्चमध्ये मामा मला म्हणाला होता, "तू लिही हेझलला. माझं अक्षर बघितलं तर ती पाकीट उघडायची नाही. उन्मेषचं काही नव्हतं, हे लिही. खरं काय ते सगळं लिही, लाज ठेवू नकोस. आणि विचार, मी राहू का जाऊ? ती ये म्हणाली तर राहतो. इथेच कुठेतरी लहानसा कॉन्डो घेतो, तिच्या जवळपास."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी बर्फ पडला. मग तो विचारायला लागला, टाकलंस का पत्र? रोज नाही, पण अधूनमधून, बूट घालताना, पाठ माझ्याकडे करून. आणि एकदा मी मान डोलावली.

मी आळशी आहे हे खरं, पण आळसाने नाही झालं. कारण सांगतो, रागावू नकोस. तू आलीस तर ती खोली तुझी. तो बाप तुझा. मी घर सोडल्यापासून एवढ्या ठिकाणी झोपलो, कुठे कोणी विचारलं नाही जेवलास का. इथे हा माणूस मी कामावरून आलो की भात गरम करतो आणि समोर बसून सांगतो की मासे कसे महाग आणि बेचव आहेत. मला वाटलं, अजून एक आठवडा. बर्फ वितळेपर्यंत. मग लॉन कापायचं आलं. म्हटलं, तेवढं होऊ दे.

मे महिन्यात एका सुट्टीला बसने केंब्रिजला आलो होतो, खरंच. म्हटलं तोंडाने सांगू, पत्राची भानगडच नको. नदीपाशी उतरलो. पाण्यात एक बगळा उभा होता, एका पायावर, एवढा स्थिर की पाणीच मागे जातंय आणि तो पुढे चाललाय असं वाटत होतं. मी त्याच्याबरोबर उभा राहिलो. शेवटची बस आली, मी परत आलो. मामाला सांगितलं, मित्राकडे गेलो होतो.

त्याच आठवड्यात त्याने विमानाचं तिकीट काढलं. म्हणाला, "उत्तर नाही आलं. तिचंही बरोबर आहे." मग माझ्या ताटात माशाची अजून एक तुकडी वाढली. तीसुद्धा मी खाल्ली.

म्हणजे दीदी, तू त्याला नाही म्हटलेलं नाहीस. तुला कोणी विचारलंच नव्हतं. आणि तो असं समजून चाललाय की त्याने सगळं खरं कबूल केलं, तू ते वाचलंस आणि तरी तुला तो नकोय. मी पत्र टाकलंच नाही, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला लिहितोय, कारण तू समोर नाहीस.

हे पत्र उद्या सकाळी टाकतो. मी टाकतो म्हटलं की काय होतं ते तुला आता माहीत झालंय, पण उद्या खरंच. तुझ्या मनात असेल तर तीन तारखेच्या आधी ये. मनात नसेल तर तेही ठीक, पण ते तुझं असू दे, माझं नको. पत्र मिळाल्या मिळाल्या घरच्या नंबरवर फोन कर. या वेळी मी उचलणार नाही. त्याचे गुडघे पोचेपर्यंत वाजू दे.

थांब, बेल वाजली. रविवारी घर बघायला लोक येतात, तेच असतील.

दीदी, हे मी उभ्याउभ्या लिहितोय, फ्रिजवर कागद ठेवून. घर बघायला आलेले लोक नाहीत. उन्मेष जिजू आलेत. एकटेच. मी आधी ओळखलं नाही, ते म्हणाले, "मी उन्मेष. नेटवर घराची जाहिरात दिसली. हेझलला माहीत नाही मी इथे आलोय ते." बूट काढायला वाकले, मग काढावेत की नाही असं वाटून तसेच थांबले.

मामा आवाज ऐकून वर आला. हाताला पॅकिंग टेप चिकटलेली. दोघं मॅटच्या दोन बाजूंना उभे राहिले. मला वाटलं आता कोणीतरी ओरडेल. मामा जे बोलला ते आधी मला ऐकूच आलं नाही, इतकं हळू होतं.

"तिचं उत्तर घेऊन आलास?"

जिजू म्हणाले, "अंकल, कसलं उत्तर?"

मामा म्हणाला, "मार्चमधल्या पत्राचं."

"आम्हाला कुठलंच पत्र आलं नाही."

मामा आता माझ्याकडे बघतोय. रागाने नाही. शेगडीवर काहीतरी विसरलं की कसं बघतात, तसं. मला बाहेर जाऊन बोलायला हवं, आणि जातोय, पेन खाली ठेवलं की लगेच.

तुझा आतेभाऊ, ज्याने तुला विचारायला उशीर केला,
एल्टन