जनरेटर बंद झाल्यावर

३ जून, सोमवार
बंद! गावप्रमुखांनी माझ्याच हातानं जनरेटर बंद करवला. आता गावात छपराछपरावर सोलर. 'कालमेट, तीस वर्षं राबलास, आता आराम कर!' टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

५ जून
संध्याकाळी जनरेटरच्या शेडबाहेर बाकं मांडली. सवयच ती. कुणी आलं नाही. कशाला येतील? फोन आता घरीच चार्ज होतात. आधी इथं लावून ठेवायचे आणि बसायचे — टारोचे कंद भाजायचे, एकमेकांची उणीदुणी काढायचे, मला 'धूरमास्तर' म्हणायचे.
बाकं आत घेतली.

९ जून, रविवार
दवाखान्यात सोलरच्या दिव्याखाली बाळंतपण झालं. चर्चबाहेर नर्स सांगत होती, 'कंदील धरायला कुणी लागलंच नाही!' चांगलंच झालं. धूर गेला. डिझेलसाठी बोटीची वाट बघणं गेलं. माझी बायको लेइमास असती तर तिचा खोकलाही कमी झाला असता. मग मी तक्रार कुठल्या तोंडानं करू?
पण ती गेल्यापासून शेडलगतच्या ह्या घराला आवाज होता तो जनरेटरचा आणि बाकांवर बसणाऱ्या लोकांचा. आता हातातलं भांडं खाली ठेवलं तरी दचकतो.

१४ जून
बोट जनरेटर घेऊन गेली. भंगारात. किनाऱ्यावर उभा होतो. रडलो नाही — म्हणजे, फारसा नाही.

१५ जून
लेइसाले आली! टेकाडापलीकडची, चटया विणणारी. जीभ तिखट. 'माझं सोलर मेलंय. फोन चार्जिंगला लावू दे तुझ्याकडे.' माझ्या छपरावरच्या सोलरवर लावला. बाक बाहेर काढलं. ती विणत बसली. 'आरशात बघतोस का कधी? भूत दिसतोयस.'

१९ जून
रोज येते. आज लापलाप आणलं, किसलेले कंद नारळाच्या दुधात भाजलेले, केळीच्या पानात, गरम. 'एकटीसाठी काय शिजवायचं!' म्हणाली. तिचा नवरा समुद्रावर गेला तो आलाच नाही. इतकी वर्षं फोन लावायला यायची, पण हे बोलणं कधी निघालं नव्हतं.
'सोलर दुरुस्त करून देतो की,' म्हटलं.
'राहू दे. घाई काय आहे?'

२२ जून, शनिवार
न सांगताच शिडी घेऊन गेलो. छपरावर चढलो. पॅनेलची काच लखलखीत, तारा ठीक. उतरून घरातलं बटण दाबलं — दिवा लख्ख! काहीही बिघडलेलं नाही.
ती दारात. मान खाली.
'सापडलं का काही?'
'मोठा बिघाड आहे,' म्हटलं. 'रोज यावं लागेल.'
'ये की,' ती म्हणाली.