सीतापुऱ्यातल्या दोन बोटी

रविवार, ६ ऑगस्ट २००६

बोट बघून आलो. एक नाही, दोन! सीतापुऱ्यात मुरलीधरजींचा कारखाना आहे — पाण्याच्या टाक्या करतात, ऑर्डर आली तर बोटीही. एका हॉटेलानं घेतलेल्या दोन बोटी परत आल्यात. त्यांचा तलावच आटला म्हणे. खाली लोखंडी पत्र्याच्या दोन लांब बंद नळ्या, वर सपाट फळ्या, कठडा, ताडपत्रीचं छत. दहा-बारा माणसं मांडी घालून बसतील. एकीचा कठडा निळा, दुसरीचा हिरवा. बाकी फरक शून्य. "सगी बहनें हैं, उत्तमरावजी," मुरलीधरजी म्हणाले.

नोव्हेंबरात रेल्वेतून निवृत्त. मग भिगवणला, धाकट्या भावाकडे, शामरावाकडे. उजनीच्या पाण्यावर लोकांना रोहित पक्षी दाखवायचे. बोट मीच चालवणार. गिरिजा म्हणते, आधी पोहायला शिका.

मंगळवार, ८ ऑगस्ट

आज ड्यूटीवरची हातोडी घेऊन गेलो. स्टेशनात गाडी लागली की चाकावर मारतो, तशी चारही नळ्यांवर मारली. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द. उभा जन्म यातच गेला. मुरलीधरजी हसत होते. हसू देत! चारही नळ्या सारख्याच वाजल्या. दोन्ही बोटी पास. आता निवडायची कशी?

बुधवार, ९ ऑगस्ट

गिरिजा रुसली. तीन हाका मारल्या म्हणे. हल्ली फार पुटपुटते. ड्यूटीवरचा जोडीदार मंगेशही तसाच. सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात!

शुक्रवार, ११ ऑगस्ट

हिरवी. ठरलं.

शनिवार, १२ ऑगस्ट

नाही — निळी. नाहीतर उद्या गिरिजाच ठरवू दे.

रविवार, १३ ऑगस्ट

गिरिजाला घेऊन गेलो. तिच्यासमोर ऐटीत नळ्या वाजवल्या. म्हटलं, बघ, चारही सारख्या.

"अहो, सारख्या कुठं? हिरवीची ही बद्द वाजतेय."

मी पुन्हा मारली. सारखीच! तिनं हातोडी माझ्या हातातून घेतली, स्वतः मारली. आधी निळीवर, मग हिरवीवर. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मुरलीधरजींचं हसू गेलं होतं. त्यांनी त्या नळीचं बूच काढलं, तर पाणी भळाभळा बाहेर आलं. नळी कुठंतरी गळत होती. भरपूर पाणी होतं आत.

निळी पक्की केली. बसमध्ये गिरिजानं हात धरला होता. मला भीती वाटत होती. बोटीची नाही. आज सकाळीच मी चाकं वाजवून एक गाडी सोडली होती.

सोमवार, १४ ऑगस्ट

हातोडी मंगेशला दिली. म्हटलं, आजपासून चाकं तू वाजव, साहेबांना मी सांगतो. त्यानं कारण विचारलं नाही. कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाला, "काका, दिवाळीपासून तुमच्या मागून मी रोज परत वाजवतोच ना."