अँटेना काढली तरी काटा हलेना

गुरुवार, संध्याकाळ

चाळीच्या गच्चीवर डांबर घालायचं म्हणून आज अँटेना सोडवली. खाली आलो आणि सवयीने, विसरून, माझ्या हौशी रेडिओच्या माइकचं बटण दाबलं. अँटेनाकडून परत येणारी शक्ती दाखवणाऱ्या मीटरचा काटा रोजच्यासारखा एक पूर्णांक दोनवर. वर अँटेनाच नाही, म्हणजे सगळी शक्ती परत येऊन काटा टोकाला जायला हवा, तरी तो जागचा हलला नाही!

म्हणजे केबलमध्ये पाणी शिरलंय. शक्ती वाटेतच मुरते, परत यायला काही उरत नाही, आणि मीटर म्हणतो सगळं उत्तम. शंभर वॅटमधले दहा तरी वर पोचत होते का? कॉलेजात न जाता रेडिओ शिकलो, कितीजणांना शिकवलं, आणि एक पूर्णांक दोन बघून खूश राहिलो. वरच्या जोडावर टेपही मीच गुंडाळली होती, वरून खाली. कौलांसारखी खालून वर चढवत न्यायची असते, हे मीच सगळ्यांना सांगतो ना?

कणकवलीचा दिनू महिनाभर, रोज सकाळी आम्ही सगळे रेडिओवर जमतो तेव्हा, सांगत होता, “तुझो आवाज विहिरीतसून येता रे.” मी सगळ्यांदेखत म्हटलं, “दिन्या, रेडिओ विक नि भजनाला बस.” तो बिचारा दोष आपलाच मानून या वयात दोनदा छपरावर चढला, स्वतःची चांगली अँटेना उतरवून पुन्हा बांधली.

मघाशी त्याला फोन केला. सगळं ऐकून म्हणाला, “फोनार कित्याक सांगतस? उद्या सकाळी सगळ्यांदेखत सांग.”

हो म्हटलं. तेव्हापासून वाक्य जुळवतोय. प्रत्येक वाक्यात चूक केबलचीच निघते.