घरी कोण असतं?

सर, तुमच्या कॉलेजने गेल्या आठवड्यात मला बोलावलं होतं. इंटर्न मुलांना खासगी प्रॅक्टिस म्हणजे काय ते सांगायला. एक तास! इतक्या वर्षांच्या शिक्षणात एक तास, तोही जेवणाच्या सुट्टीआधीचा. तुम्ही असतात तर तोही दिला नसतात. वॉर्डात मी एका आजोबांना ‘घरी कोण असतं?’ असं विचारत होते, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाला होतात, “सोयरीक जुळवायला आलीस का? ईसीजी वाच.” वाचायला शिकले. तुमच्याइतकं नीट कुणी शिकवलं नाही, हेही खरं.

अंबरनाथ पश्चिमेला दवाखाना टाकला, त्याच्या पहिल्याच वर्षी मोरिवलीच्या एका कारखान्यातला फिटर आला. छातीत जळजळ, अंगाला घाम. “मॅडम, ॲसिडिटीची सुई मारा ना. सेकंड शिफ्ट आहे.” ईसीजी काढला. सरळसरळ हार्ट अटॅक. ॲस्पिरिन चघळायला दिली, म्हटलं, आत्ताच्या आत्ता ॲडमिट व्हा. तो हसला. “गॅस आहे हो. उद्या बघतो.” मी इंग्रजीत सुरेख चिठ्ठी लिहिली, तुम्ही दहापैकी नऊ दिले असतेत. ती खिशात घालून तो कामावर गेला. मी बेल वाजवली, पुढचा पेशंट आत आला. दारात आडवं कसं उभं राहायचं, न ऐकणाऱ्याला खुर्चीत परत कसं बसवायचं, हे तुमच्या कुठल्या लेक्चरमध्ये होतं, सांगा ना!

काही दिवसांनी त्याची बायको ती चिठ्ठी घेऊन आली. तो त्याच शिफ्टला मशीनपाशी कोसळला, तो उठलाच नव्हता. “काय लिहिलंय यात?” मी वाचून दाखवलं. ती रडली नाही. म्हणाली, “दोन गल्ल्या सोडून राहतो आम्ही. घरचा नंबर का नाही विचारलात? मी दंडाला धरून नेलं असतं त्याला.” तुमच्याशी भांडायला येणार होते तेव्हा. येईन येईन म्हणेपर्यंत तुम्हीच गेलात.

कॉलेजातल्या त्या तासाला मुलांना हीच गोष्ट सांगायला घेतली. मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. मी चिठ्ठीपर्यंत आले आणि मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मॅम, मग गेला तो हॉस्पिटलमध्ये?”

“हो,” मी म्हणाले. “मी बायकोला फोन केला. ती आली आणि घेऊन गेली.”

टाळ्या पडल्या, सर. मी त्या घेतल्या.