हरणांच्या मोसमातले विम्याचे अर्ज

ती. मार्लिसताईस,

धाकट्या अर्डिसचा साष्टांग नव्हे (गुडघा वाकत नाही), पण मनापासून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? ओट्याशी फार उभी राहू नकोस. यंदा नाताळच्या बटाट्याच्या पोळ्या, लेफ्सा, चार कमी लाटल्यास तरी कुणी उपाशी मरणार नाही.

आमच्या पंपांच्या कारखान्यातल्या माणसांचे आजारपणाचे विमे, रजा, पेन्शन हे सगळं सव्वीस वर्षं मी एकटी बघत आले, हे तू जाणतेसच. यंदा क्विस्टसाहेबांनी ते काम अ‍ॅरिझोनातल्या एका कंपनीला देऊन टाकलं (सांगताना साहेब माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघत होते). मी नाक मुरडायचं ठरवूनच बसले होते. पण ताई, खोटं कशाला बोलू, मी थक्क झाले. त्यांच्याकडे फोनवर येसेनिया नावाची मुलगी असते. एकच गोष्ट एकाच माणसाला सातव्यांदा सांगतानाही तिचा आवाज पहिल्याइतकाच गोड. मी तिसऱ्यांदाच खेकसायचे. शिवाय कुणाला मूळव्याध आहे हे आता फक्त त्यांच्या यंत्राला कळतं, आणि यंत्र काही चर्चमध्ये कॉफीला येत नाही. (मी कधी कुणाला सांगितलं नाही. तुला सोडून.)

खोट एकच. त्यांना सगळं कळतं, पण आम्ही कळत नाही. पुढच्या वर्षाचे अर्ज भरायची शेवटची तारीख त्यांनी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाल्यानंतरचा सोमवार ठेवली. तेवढाच एक जादा दिवस मिळावा म्हणून, चांगल्या मनानं. त्या सोमवारी आमचा कारखाना बंद असतो आणि अख्खं गाव बंदुका घेऊन जंगलात. त्याआधीचे पंधरा दिवस कुणी अर्ज का भरला नाही म्हणशील, तर सव्वीस वर्षं मी पेन घेऊन प्रत्येकाच्या मशीनपाशी जात आले. सगळे माझी वाट बघत होते, आणि मला साहेबांनी लुडबूड करू नका म्हणून बजावलेलं.

शनिवारी सकाळी यादी आली. अडतीस जणांचे अर्ज नाहीत. तारीख चुकली की वर्षभर विमा नाही, आणि त्यात लव्हर्न टोर्गरसन, ज्याच्या बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. मी येसेनियाला फोन लावून हरणांच्या मोसमाचं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, हा काही धार्मिक सण असतो का?" मी म्हटलं, "हो." तारीख हलेना, पण सही केलेले कागद सोमवारी पाचच्या आत पाठवले तर चालतील असं तिनं वरच्यांकडून कबूल करून घेतलं.

जंगलात कोण शिकारीच्या कुठल्या झोपडीत असतो ते मला पाठ. कुणी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून नारिंगी जाकीट चढवलं आणि निघाले. लव्हर्न झाडावरच्या मचाणात, समोर दहा टोकांच्या शिंगांचं हरीण, बोट बंदुकीच्या घोड्यावर. मी खालून हाक मारली. हरीण पसार. त्यानं बंदूक बाजूला ठेवली. मग म्हणाला, "अर्डिसबाई, एवढा उशीर? पेन आणलंय ना?" शिडी चढून सही घेतली. गुडघ्यानं जे काय म्हणायचं ते म्हटलं.

सोमवारी पावणेपाचला अडतीस कागद धाडले. बूट काढून होईतो अडतीस पोचपावत्या हजर. मला याला नाताळ उजाडायचा. मी खुर्चीत बसून थोडी रडले. आनंद होता, आणि वाईटही वाटत होतं.

तुझी,
अर्डिस

ता. क. ती यादी फक्त कारखान्यातल्यांची होती. ऑफिसची वेगळी, आणि तिच्यात एकच नाव होतं : माझं. ते मंगळवारी कळलं. गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत आहे. येसेनिया म्हणते (तितक्याच गोड आवाजात), आता वर्षाच्या मधेच विम्याचं दार उघडेल ते मूल झालं तर किंवा लग्न झालं तर. माझं वय एकोणसाठ. तेव्हा तुझे धाकटे दीर एल्रॉय, जे तीन वर्षं दर शुक्रवारी मासळीच्या जेवणाला मला लग्नाचं विचारतात, त्यांचा विचार अजून तोच आहे का, ते सहज काढून घे. कारण सांगू नकोस.

ता. ता. क. सांगितलंस तरी चालेल. दर वेळी मी त्यांना म्हणायचे, अर्जांचं काम आटपू दे, मग बघू. ते काम आता अ‍ॅरिझोनात गेलंय, एवढं सांग.