दाराखालची पायरी

रविवार, संध्याकाळ

विलासने जुनी घेतलेली मोठी गाडी आज कांजूरच्या गॅरेजमधून परत आली. गाडी झकास, पण उंच किती. माझा गुडघा तेवढा वर जाईच ना. पहिल्या दिवशी मी घरातला पाट खाली नेला, त्यावर पाय ठेवणार तोच सूनबाई म्हणाली, "आई, सत्यनारायणाचा पाट आहे तो." मी जीभ चावली आणि घरीच राहिले. तेव्हापासून एकच मनात, गणपतीला सगळे या गाडीने गावी जाणार आणि मी इथे टीव्ही बघत बसणार.

गाडीलाही दुखणी आहेतच म्हणा. ब्रेक घासलेले, खड्ड्यात गेली की खालून खडखड. मेकॅनिक म्हणाला, चाकांजवळची रबरं झिजलीत. म्हटलं, माझ्या गुडघ्यांसारखीच की. विलास काही हसला नाही.

आज म्हणाला, "आई, खाली ये जरा." बघते तर दाराखाली लांब पायरी बसवलेली. "ब्रेक नवीन घातले. रबरं पुढच्या रविवारी."

"अरे, आधी रबरं करायची ना."

"गावी जायच्या आत होतील. तू चढ आधी."

चढले. कोणाचा हात न धरता चढले. मुलुंडभर फिरलो, सगळा रस्ता खडखड. सूनबाई म्हणाली, "केवढा आवाज येतोय, नाही का हो आई?"

येत असेल. मी खिडकीत बसले होते.

पाटाला पाय लागला नव्हता, तरी धुऊन ठेवलाय.